‘वर्थलेस’ नेमकं कुणासाठी? कमी मोलाच्या गोष्टींविषयी इंग्रजीत कसं बोलावं

मागच्या काही व्याख्यानांप्रमाणे आजही आपण एक छोटासा दिसणारा विषय घेतला आहे. एखादी वस्तू फारशी किमतीची नाही, हे इंग्रजीत कसं सांगायचं? वरवर पाहता यात सांगण्यासारखं काय आहे, असं वाटेल. पण आधी मराठीकडे बघा. किरकोळ, क्षुल्लक, नगण्य, फालतू, फडतूस, टाकाऊ, कुचकामी, भिकार, कवडीमोल, मातीमोल. दहा शब्द सहज झाले, आणि यातला एकही दुसऱ्याच्या जागी जसाच्या तसा बसत नाही. ‘किरकोळ दुरुस्ती’ आपण रोज म्हणतो. ‘फडतूस दुरुस्ती’ म्हटलं की कारागीर भांडायला उठतो.

हा सगळा बारकावा आपल्याला मराठीत आपोआप कळतो. इंग्रजीत गेलो की मात्र या दहा शब्दांसाठी आपल्या हाताशी तीनच शब्द उरतात: ‘चीप’, ‘यूजलेस’ आणि ‘वर्थलेस’. आणि हे तिन्ही शब्द बोचरे आहेत. मग आभाराच्या पत्रात अपमान होतो, विम्याच्या अर्जात स्वतःचंच नुकसान होतं, आणि शेतकऱ्याच्या दुःखाची बातमी गिऱ्हाइकाच्या आनंदाची होऊन बसते. कशी, ते क्रमाने पाहू.

‘कमी’ म्हणजे नेहमी ‘लेस’ नव्हे

सुरुवात सर्वांत जास्त आढळणाऱ्या चुकीपासून करू. ‘कमी किमतीच्या वस्तू’ याचं इंग्रजी आपल्याकडे पुष्कळदा ‘लेस प्राइस आयटम्स’ किंवा ‘लेस व्हॅल्यू थिंग्ज’ असं केलं जातं. हे इंग्रजी नाही. का नाही?

मराठीत ‘कमी’ हा शब्द दोन कामं करतो. ‘याची किंमत कमी आहे’ हे साधं विधान झालं. ‘याची किंमत त्यापेक्षा कमी आहे’ ही तुलना झाली. तुलनेचं काम ‘पेक्षा’ करतो, ‘कमी’ शब्दाचं रूप बदलत नाही. इंग्रजीत मात्र ही दोन कामं दोन वेगळ्या शब्दांकडे आहेत. साध्या विधानाला ‘लो’ किंवा ‘लिटल’, आणि तुलनेला ‘लोअर’ किंवा ‘लेस’. म्हणून ‘लेस’ ऐकला की इंग्रजी ऐकणाऱ्याचा कान पुढच्या ‘दॅन’ची वाट बघतो. कशापेक्षा कमी? ते आलंच नाही, तर वाक्य अर्धवट लोंबकळत राहतं.

मग बरोबर काय? पैशाने स्वस्त वस्तू असेल तर ‘इनएक्स्पेन्सिव्ह आयटम्स’ किंवा ‘लो-प्राइस्ड आयटम्स’. तिचं मोलच फार नाही असं म्हणायचं असेल तर ‘थिंग्ज ऑफ लिटल व्हॅल्यू’. बँकेच्या किंवा व्यापाराच्या भाषेत ‘लो-व्हॅल्यू आयटम्स’. आणि तुलना करायचीच असेल तर ‘दिस इज लेस व्हॅल्युएबल दॅन दॅट’. इथे ‘लेस’ आपल्या हक्काच्या जागी आहे.

‘लिटल’चाही एक काटा आहे. ‘इट हॅज लिटल व्हॅल्यू’ म्हणजे मोल जवळजवळ नाहीच. ‘इट हॅज अ लिटल व्हॅल्यू’ म्हणजे थोडंसं का होईना, आहे. मधल्या त्या एका ‘अ’ने नकाराचा होकार होतो. मराठीतही बघा, ‘फारसा उपयोग नाही’ आणि ‘थोडाफार उपयोग आहे’ यांत तोच फरक आहे. फक्त मराठीत तो ‘नाही’ उघड दिसतो, इंग्रजीत तो ‘अ’च्या नसण्यात लपलेला असतो.

प्राइस, कॉस्ट, व्हॅल्यू, वर्थ

हे चार शब्द वेगळे केले की अर्धं काम झालं. ‘प्राइस’ म्हणजे विकणारा मागतो ती किंमत. ‘कॉस्ट’ म्हणजे आपल्याला पडलेला खर्च. त्यात पैसा, वेळ, श्रम सगळं आलं. ‘व्हॅल्यू’ म्हणजे मोल, मग ते बाजारातलं असो, उपयोगाचं असो की मनातलं. आणि ‘वर्थ’ हा शब्द नेहमी मोजमापासोबत येतो: इतक्या रुपयांच्या तोडीचं, इतक्या कष्टांच्या लायकीचं.

यावरून एक साधा नियम निघतो. ‘प्राइस’ स्वस्त किंवा महाग नसते, ती ‘लो’ किंवा ‘हाय’ असते. स्वस्त किंवा महाग असते ती वस्तू. ‘द प्राइस इज चीप’ हे बोलताना कानावर येतं, पण नीट लिहिताना ‘द प्राइस इज लो’ किंवा ‘द शर्ट इज चीप’. मराठीतही आपण ‘किंमत स्वस्त आहे’ म्हणत नाही, ‘किंमत कमी आहे’ म्हणतो. तेव्हा इथे मराठीचा कान वापरला तरी पुरे.

आपली म्हण आहे ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हिचं शब्दाला शब्द भाषांतर करून इंग्रज माणसाला काही कळणार नाही. पण तिच्यातला विचार वरच्या शब्दांनी सरळ सांगता येतो: ‘इट कॉस्ट्स मोअर दॅन इट इज वर्थ’. किंवा खर्चापेक्षा त्रासच जास्त असेल तर ‘इट इज मोअर ट्रबल दॅन इट इज वर्थ’.

‘लेस’ लागलं म्हणजे मोल गेलं, असं नाही

आता सर्वांत फसव्या जोडीकडे येऊ. ‘वर्थलेस’ म्हणजे कवडीमोल, ‘व्हॅल्युलेस’ म्हणजे ज्याला मोल नाही असं. मग ‘प्राइसलेस’ म्हणजे ज्याला किंमत नाही असं फालतू, आणि ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे मौल्यवान नसलेलं, असं कुणाला वाटलं तर त्याचा दोष नाही. पण अर्थ अगदी उलटा आहे. ‘प्राइसलेस’ म्हणजे ज्याची किंमत करताच येत नाही इतकं मोलाचं. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे ज्याचं मोल ठरवता येत नाही इतकं उपयोगाचं.

हे लक्षात ठेवायला मराठी माणसाला घोकंपट्टी करावी लागू नये, कारण हीच रचना आपल्या घरात आहे. ‘अमूल्य’ शब्दात ‘अ’ नकाराचा आहे, तरी ‘अमूल्य मदत’ म्हणजे बिनकामाची मदत नव्हे. ‘अनमोल’चंही तेच. मोल नाही असं नव्हे, मोल करता येत नाही असं. ‘इनव्हॅल्युएबल’ हा ‘अमूल्य’चा इंग्रजी भाऊ समजा.

फरक वापरात आहे. ‘इनव्हॅल्युएबल’ बहुधा मदत, सल्ला, अनुभव, माहिती यांच्यासाठी येतो. ‘प्राइसलेस’ बहुधा चित्र, दागिना, जुनी पोथी, आठवण यांच्यासाठी. ब्रिटिश बोलण्यात एखादा प्रसंग भलताच मजेशीर असेल तरी ‘प्राइसलेस’ म्हणतात, तेव्हा ऐकताना संदर्भ बघावा.

आता विचार करा. नोकरी सोडताना वरिष्ठांनी लिहून दिलं, ‘हर हेल्प वॉज इनव्हॅल्युएबल’. ज्याला हा शब्द माहीत नाही, तो हे प्रशस्तिपत्र लपवून ठेवील. आणि उलट बाजूने, कुणी आपल्या शिक्षकांना कृतज्ञतेने लिहिलं, ‘थँक यू फॉर युअर व्हॅल्युलेस गायडन्स’, तर हेतू सोन्यासारखा आणि शब्द मातीचा. एका अक्षराच्या चुकीला कुणी हसून सोडून देईल. हा शब्द मात्र मनाला लागतो.

‘वर्थ’चं व्याकरण

‘वर्थ’ हा शब्द एकटा उभा राहत नाही. त्याच्यामागे काहीतरी यावंच लागतं. एक तर रक्कम: ‘दिस पेन इज वर्थ टेन रुपीज’. किंवा नाम: ‘इट इज नॉट वर्थ द एफर्ट’. किंवा ‘इंग’ लागलेलं क्रियापद: ‘द बुक इज नॉट वर्थ रीडिंग’. आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे ‘नॉट वर्थ टू रीड’. ‘वर्थ’नंतर ‘टू’ येत नाही.

इथेही मराठीचा आधार घ्या. ‘वाचण्याजोगं’, ‘बघण्याजोगं’, ‘घेण्याजोगं’. यातला ‘जोगं’ म्हणजे ‘वर्थ’, आणि ‘वाचण्या’ म्हणजे ‘रीडिंग’. क्रम तेवढा उलटा. ‘वर्थ’ आधी, क्रिया नंतर.

सगळं गृहीत धरायचं असेल तर ‘इट’ ठेवावा: ‘इट इज नॉट वर्थ इट’. म्हणजे त्यासाठी जे करावं लागेल, त्या मानाने हाती काही लागणार नाही. ‘वर्थी’ हा वेगळा शब्द आहे. तो पात्रतेचा. त्याच्यामागे ‘ऑफ’ येतो: ‘वर्थी ऑफ रिस्पेक्ट’.

‘उपयोग नाही’ हेही याच घरातलं. ‘तक्रार करून उपयोग नाही’ याला ‘इट इज नो यूज कम्प्लेनिंग’. पुन्हा ‘इंग’, ‘टू’ नाही. आणि वस्तूबद्दल बोलताना ‘दिस इज यूजलेस’ आणि ‘दिस इज ऑफ नो यूज टू मी’ यांत फरक करा. पहिल्याने तुम्ही वस्तूलाच नालायक ठरवता. दुसऱ्याने फक्त इतकंच म्हणता की माझ्या कामाची नाही, दुसऱ्या कुणाच्या असेल. कुणी प्रेमाने आणून दिलेल्या वस्तूविषयी बोलताना हा ‘टू मी’ नातं वाचवतो.

‘चीप’ हा शब्द जपून

‘चीप’मध्ये दोन अर्थ एकत्र राहतात: स्वस्त आणि हलक्या प्रतीचं. दुकानात स्वतःच्या खरेदीबद्दल ‘आय गॉट इट चीप’ म्हटलं तर ती बढाई होते. दुसऱ्याच्या अंगावरच्या साडीला ‘चीप’ म्हटलं तर तो अपमान. दुसऱ्याच्या वस्तूला ‘इनएक्स्पेन्सिव्ह’ म्हणावं, त्यात फक्त किंमत येते, प्रतीवर बोट येत नाही. विकणारा ‘अफोर्डेबल’ म्हणतो, म्हणजे तुमच्या खिशाला झेपेल असं.

माणसाला ‘चीप’ म्हटलं तर आपल्याकडे त्याचा अर्थ थिल्लर, हलक्या वागणुकीचा. अमेरिकेत ‘ही इज चीप’ म्हणजे तो कंजूष आहे. एकाच शब्दावरून दोन वेगळे गैरसमज होऊ शकतात, म्हणून माणसांसाठी तो न वापरलेलाच बरा.

मातीमोल कुणाच्या बाजूने?

आता आजच्या विषयाच्या गाभ्याशी येऊ. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव पडला की मराठी बातमी म्हणते, कांदा मातीमोल भावाने गेला. याचं इंग्रजी काय करायचं? ‘डर्ट चीप’ हा शब्दप्रयोग लगेच सुचतो, कारण ‘डर्ट’ म्हणजे मातीच. शब्द जुळले. पण बाजू बदलली. ‘डर्ट चीप’ हा घेणाऱ्याचा शब्द आहे. त्यात फायदा झाल्याचा आनंद आहे. ‘मातीमोल’ हा विकणाऱ्याचा शब्द आहे. त्यात पिकवलेल्या श्रमाचं काही झालं नाही याचं दुःख आहे. ‘ओनियन्स आर डर्ट चीप’ वाचून शहरातला गिऱ्हाईक पिशवी घेऊन निघेल. शेतकऱ्याचं म्हणणं सांगायचं तर ‘द ओनियन्स फेच्ड नेक्स्ट टू नथिंग’ म्हणावं, म्हणजे हाती जवळजवळ काहीच आलं नाही. ‘वर्थलेस ओनियन्स’ तर मुळीच नाही, कारण कांदा उत्तम आहे. पडलेला आहे तो भाव.

यावरून आपली कसोटी तयार होते. कमी मोलाचा कुठलाही शब्द इंग्रजीत वापरण्याआधी तीन प्रश्न विचारा. पैशात कमी, उपयोगात कमी, की मानात कमी? कुणाच्या दृष्टीने? आणि वस्तू कुणाची?

कवडी आणि दमडी

थोडी गंमतही. इंग्रजीत ‘काउरी’ हा शब्द आहे, शंखासाठी. तो आपल्याच ‘कवडी’च्या कुळातला, हिंदीच्या वाटेने गेलेला. मालदीवमधून आलेल्या कवड्या बंगालमध्ये १९व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चलन म्हणून चालत होत्या. म्हणजे कवडी हे खरंच सर्वांत लहान नाणं होतं, आणि ‘कवडीमोल’ शब्द त्या हिशेबातून आला.

दाम हे अकबराच्या काळातलं तांब्याचं नाणं, ४० दामांचा एक रुपया. दमडी त्याचाही अंश. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात यूल आणि बर्नेल यांनी असं सुचवलं की, ‘आय डोन्ट गिव्ह अ डॅम’ या इंग्रजी वाक्यातला ‘डॅम’ म्हणजे हा दामच असावा. कल्पना सुंदर आहे, आणि ती आजही पुढे पाठवली जाते. पण ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने ती निराधार ठरवली आहे. तो शब्द शापवाचक ‘डॅम’च आहे. त्यामुळे कुणी छातीठोकपणे सांगितलं तर हसून ऐकावं.

इंग्रजीची स्वतःची नाणी या कामाला आहेतच. ब्रिटिश माणूस ‘नॉट वर्थ अ पेनी’ म्हणतो, अमेरिकन ‘नॉट वर्थ अ डाइम’. पैशाला पासरी मिळणाऱ्या गोष्टीला ब्रिटनमध्ये ‘टेन अ पेनी’ आणि अमेरिकेत ‘अ डाइम अ डझन’. ज्या कराराची अंमलबजावणीच होणार नाही, तो ‘नॉट वर्थ द पेपर इट इज रिटन ऑन’. हे बोलण्यात शोभतात. अर्जात, अहवालात नकोत.

भेट, पार्सल आणि विम्याचा अर्ज

आपल्या विनयाची एक सुंदर भाषा आहे. भेट देताना आपण म्हणतो, फूल ना फुलाची पाकळी. इंग्रजीत हा विनय ‘अ स्मॉल टोकन ऑफ अवर ग्रॅटिट्यूड’ या शब्दांत बसतो. ‘टोकन’ म्हणजे खूण: किंमत बघू नका, भावना बघा. ‘प्लीज अ‍ॅक्सेप्ट दिस चीप गिफ्ट’ मात्र विनय नाही, ते स्वतःच्या आणि घेणाऱ्याच्या दोघांच्याही हातात कचरा देणं आहे.

परदेशी दिवाळीचा फराळ पाठवणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. टपालाने पार्सल पाठवताना सीमाशुल्काचा जो घोषणापत्राचा नमुना भरावा लागतो, सीएन २२ किंवा सीएन २३, त्यात वस्तूचं वर्णन, वजन आणि किंमत लिहायची असते. पुष्कळजण किमतीच्या जागी ‘नो व्हॅल्यू’ किंवा शून्य लिहितात. ‘नो कमर्शियल व्हॅल्यू’ याचा अर्थ ‘विक्रीसाठी नाही’ इतकाच. वस्तूला किंमतच नाही असा नव्हे. तेव्हा ‘गिफ्ट’ हा रकाना निवडावा, ‘होममेड बेसन लाडू’ असं नेमकं लिहावं आणि खरी, वाजवी किंमत टाकावी. सवलतीच्या मर्यादा बदलतात. अमेरिकेत २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली सूट २०२५ मध्ये थांबवली गेली, तेव्हा पाठवण्याआधी चालू नियम बघून घ्यावेत.

विम्याच्या किंवा चोरीच्या अर्जात तर हे शब्द पैशांचे असतात. आजीची जुनी चांदीची करंडी चोरीला गेली. आपण संकोचाने लिहितो, ‘ओल्ड, यूजलेस बॉक्स’. झालं, दावा तिथेच संपला. खरं आणि नेमकं असं लिहा: ‘अ सिल्व्हर बॉक्स ऑफ मॉडेस्ट मार्केट व्हॅल्यू अँड ग्रेट सेंटिमेंटल व्हॅल्यू’. बाजारात माफक किमतीची, मनाला फार मोलाची. विमा साधारणपणे भावनेचे पैसे देत नाही, पण बाजारभावाचे आपण स्वतःच पुसून टाकू नयेत.

भराभर काही शब्द

‘पेटी कॅश’ म्हणजे किरकोळ खर्चाची रोकड, त्यात वाईट काही नाही. पण ‘पेटी’ माणूस म्हणजे क्षुद्र मनाचा. ‘नॉमिनल फी’ म्हणजे नाममात्र शुल्क, आकारणारा समंजस आहे असं सुचवणारं. ‘पॉल्ट्री सम’ म्हणजे तुटपुंजी रक्कम, देणाऱ्याचा राग आलेला आहे असं सांगणारं. ‘मीगर सॅलरी’ म्हणजे अपुरा पगार, इथे सहानुभूती मिळवणाऱ्याकडे जाते. ‘नेग्लिजिबल’ म्हणजे हिशेबात न धरण्याइतकं, आणि यात भावना कुठलीच नाही. अहवालासाठी हाच उत्तम. रक्कम तीच, सूर पाच.

श्रोत्यांचे प्रश्न

‘चीप अँड बेस्ट’ चालतं का, असं विचारलं गेलं. भारतात सगळ्यांना कळतं. बाहेर ऐकणारा गोंधळतो, कारण ‘चीप’ म्हणजे हलकं आणि ‘बेस्ट’ म्हणजे सर्वोत्तम. ‘गुड व्हॅल्यू फॉर मनी’ म्हणा. तुम्हाला म्हणायचं तेच त्यात आहे.

‘थ्रोअवे प्राइस’ चूक आहे का? चूक नाही, पण तो मुख्यतः भारतीय इंग्रजीचा प्रयोग आहे. बाहेर ‘गिव्हअवे प्राइस’ किंवा ‘नॉकडाउन प्राइस’ लवकर कळतं.

शेवटचा प्रश्न फार चांगला होता: रद्दी, भंगार आणि कचरा यांना इंग्रजीत काय म्हणायचं? कचरा म्हणजे ब्रिटनमध्ये ‘रबिश’, अमेरिकेत ‘ट्रॅश’ किंवा ‘गार्बेज’. भंगार म्हणजे ‘स्क्रॅप’, आणि स्क्रॅपला किलोमागे भाव असतो. रद्दीचंही तसंच, ‘वेस्ट पेपर’ म्हणा, पण ती विकली जाते हे विसरू नका. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिचं नाव बघा: कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. नावात ‘कचरा’ शब्दच नाही. आपण ज्याला एका शब्दात ‘वर्थलेस’ म्हणून डब्यात टाकतो, त्यात त्यांना कागद, काच आणि पत्रा असे तीन वेगळे माल दिसतात आणि त्यावर घर चालतं. इंग्रजीतही त्यांना आता ‘रॅग-पिकर’ऐवजी ‘वेस्ट पिकर’ म्हणतात.

तेव्हा ‘वर्थलेस’ हा शब्द कोशात राहू द्या, लागेल तेव्हा वापराही. बुडालेल्या कंपनीचे शेअर खरोखरच ‘वर्थलेस’ असतात. पण तो वापरण्याआधी एवढं विचारा, कुणासाठी? उत्तर मिळालं की बरोबर इंग्रजी शब्द बहुतेक वेळा आपोआप सुचतो.